बंदूकहक्कांसाठी पहिली वर्गणी कोणाला द्यावी?

अमेरिकेतल्या बऱ्याच शूटिंग क्लबांत नाव नोंदवतानाच नॅशनल रायफल असोसिएशनचं, म्हणजे एनआरएचं सभासदत्व मागतात. तो अर्ज भरला की आपला वाटा उचलला असं समजून अनेक जण तिथेच थांबतात. मला ही सुरुवात उलटी वाटते. पहिली वर्गणी आपल्या राज्यातल्या संघटनेला द्यावी, दुसरी कोर्टात स्वतः खटले लढणाऱ्या संस्थेला. देशपातळीवरच्या मोठ्या नावांचा विचार त्यानंतर.

मॅगझिनमध्ये किती गोळ्या चालतील, पिस्तूल घेण्याआधी परवाना लागेल का, ते सोबत घेऊन कुठे जाता येईल, यातलं बरंचसं राज्याचं विधिमंडळ ठरवतं. न्यू जर्सीचंच बघा. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याने नवा कायदा केला: परवान्याची फी २०० डॉलर, विम्याची सक्ती आणि पिस्तूल नेता येणार नाही अशा ठिकाणांची लांबलचक यादी. त्याविरुद्ध दोन खटले उभे राहिले. एकात सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन आणि फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन या देशभर खटले लढणाऱ्या संस्था होत्या, दुसरा असोसिएशन ऑफ न्यू जर्सी रायफल अँड पिस्टल क्लब्ज या राज्यातल्याच संघटनेचा होता. जानेवारी २०२३ मध्ये कॅम्डेनच्या संघीय कोर्टाने कायद्याच्या काही तरतुदी रोखल्या. एडिसनला राहणाऱ्या बंदूकधारकाने या तिन्ही नावांची ओळख एनआरएच्या आधी करून घ्यायला हवी.

राज्याच्या संघटनेचं खरं काम मात्र विधेयक समितीत असतानाच चालतं. व्हर्जिनियात अधिवेशन सम वर्षी ६० दिवसांचं असतं, विषम वर्षी त्याहूनही लहान. उपसमितीची सुनावणी कधी कधी आदल्या दिवशी कळते. अशा वेळी विधेयकाचा क्रमांक, खोली, वेळ आणि समितीतल्या आमदारांची नावं ईमेलने पाठवणारी संघटना हवी. तिथली व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग हे करते आणि दर जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाला सभासदांना राजधानी रिचमंडला आमदारांच्या दारात नेते. आपल्या राज्यातली संघटना जोखायची तर तिची गेल्या अधिवेशनातली पत्रकं काढून वाचा. विधेयकांचे क्रमांक दिसले तर ती कामाची. नुसतं ‘हक्क धोक्यात, देणगी पाठवा’ एवढंच असेल तर तुमचं नाव फक्त देणगीदारांच्या यादीत राहील.

खटले लढणाऱ्या संस्थेचं सभासदत्व कधी कधी थेट कायदेशीर कवच होतं. २०२३ मध्ये पिस्टल ब्रेसच्या, म्हणजे पिस्तुलाला मागून लावायच्या आधाराच्या, संघीय नियमामुळे ब्रेस लावलेली अनेक पिस्तुलं ‘शॉर्ट बॅरल रायफल’, म्हणजे नोंदणी सक्तीची असलेली आखूड नळीची रायफल, ठरणार होती, आणि नोंदणी किंवा फेरबदल करायची मुदत ३१ मे होती. मुदत संपता संपता टेक्सासमधल्या वेगवेगळ्या खटल्यांत मनाई हुकूम आले आणि त्यांचं संरक्षण फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन, सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन आणि गन ओनर्स ऑफ अमेरिका यांच्या सभासदांना मिळालं. पुढे हा नियम सगळ्यांसाठीच रद्द झाला, पण तोवर सभासद असण्या-नसण्याने मोठा फरक पडत होता. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर लागू होणाऱ्या मनाई हुकमांवर मर्यादा घातल्यावर हा मुद्दा आणखी जड झाला आहे. लुइझियानातल्या रीस खटल्यात (१८ ते २० वर्षांच्या तरुणांना दुकानातून पिस्तूल विकण्यावरच्या बंदीविरुद्धचा) तर न्यायाधीशांनी ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात दिलासा नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे खटला दाखल होताना जे सभासद होते त्यांच्यापुरताच ठेवला. निकाल लागल्यावर अर्ज भरणं म्हणजे वरातीमागून घोडं. वर्गणी खंडित होऊ देऊ नका आणि सभासद झाल्याच्या तारखेची पावती जपून ठेवा.

‘आम्ही जिंकलो’ असं प्रत्येक जण म्हणतो. त्या खटल्यात संस्था स्वतः पक्षकार होती, की तिने बाहेरून फक्त एक निवेदन दिलं होतं, हे कोर्टाची कागदपत्रं दाखवणाऱ्या कोर्टलिसनर या संकेतस्थळावर खटल्याचं पान उघडलं की कळतं. निवेदनंही उपयोगी असतात, पण त्यांचा खर्च खटल्याच्या मानाने किरकोळ असतो.

आता हिशेब. प्रोपब्लिकाच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर संस्थेचं नाव टाकून फॉर्म ९९०, म्हणजे तिने करखात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र, काढा, शेवटची तीन वर्षं. भाग ९ मध्ये खर्चाची विभागणी असते. ११बी ही ओळ वकिलांच्या फीची, ११ई व्यावसायिक निधीसंकलकांची. खटल्यांच्या नावाने देणगी मागणाऱ्या संस्थेची ११ई मोठी आणि ११बी किरकोळ असेल तर हात आखडता घ्या. मात्र संस्थेचे वकील पगारी असतील तर त्यांचा खर्च पगारांत जातो, म्हणून भाग ७ मधली नावं आणि पदंही बघा. शेड्यूल एलमध्ये पदाधिकारी आणि त्यांच्या नातलगांशी झालेले व्यवहार असतात. भाग ६ ची पाचवी ओळ तर कधीच सोडू नका: संस्थेची मालमत्ता भलतीकडे वळवल्याचं आढळलं का, असा तिथे सरळ प्रश्न आहे. एनआरएने २०१९ च्या फॉर्ममध्ये तिथे होकार दिला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने माजी प्रमुख वेन लापिएर यांना संस्थेच्या पैशांच्या गैरवापराबद्दल जबाबदार धरलं. त्यानंतर तिथे नेतृत्व बदललं आहे. प्रशिक्षक आणि रेंजचं जाळं एवढं मोठं असलेली ही संस्था सुधारावी असं मला मनापासून वाटतं. तुम्हालाही वाटत असेल तर सभासद होऊन संचालकांच्या निवडणुकीत मत द्या. वार्षिक सभासदाला त्यासाठी सलग ५ वर्षं सभासद असावं लागतं, आजीव सभासदाला नाही.

पैसे कोणत्या खात्यात जातात तेही पाहा. सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन करकायद्याच्या भाषेत ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्था आहे, त्यामुळे तिची देणगी करातून वजा होऊ शकते. एनआरए, गन ओनर्स ऑफ अमेरिका आणि फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन ५०१(सी)(४), म्हणजे समाजकल्याण संस्था आहेत. तिथे लॉबिंगला मोकळीक जास्त, पण वजावट नाही. त्यांच्याशी जोडलेली धर्मादाय फाउंडेशन्स वेगळी आहेत, तेव्हा चेकवर नेमकं नाव लिहा.

व्हिसावर असलेल्यांसाठी नियम वेगळे. एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर संघीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. संघटनेचं सभासद होणं किंवा ५०१(सी)(३) संस्थेला देणगी देणं व्हिसावरही चालतं. पण निवडणुकीसाठीची देणगी, म्हणजे उमेदवाराला किंवा एनआरएच्या पॉलिटिकल व्हिक्टरी फंडासारख्या पॅकला (निवडणुकीसाठी पैसा उभा करणाऱ्या समितीला), फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकच देऊ शकतात. नूतनीकरणाच्या अर्जावर पॅकसाठी वेगळा रकाना असेल तर व्हिसावर असताना तो कोरा सोडा.