शनिवारचा शेवटचा तास

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा गॅदरिंग, सहली, मधल्या सुट्टीतल्या चिंचा हे सगळं बाकीच्यांनी पटापट वाटून घेतलं, आणि मी म्हटलं मला फक्त मराठीच्या बाईंच्या शब्दवहीबद्दल लिहायचंय. मी 1987-88 ची नववी ब.

शनिवारी शाळा सकाळची असायची आणि शेवटचा तास मराठीचा. जुलैमध्ये एका शनिवारी बाई एक जाडजूड, बाइंडिंग केलेलं पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या आजपासून या तासाला धडा नाही, कादंबरी वाचायची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?'. वर्गात प्रत एकच, त्यामुळे ती बाकावरून बाकावर फिरायची, ज्याच्याकडे येईल त्याने एक पान मोठ्याने वाचायचं. आणि प्रत्येकाने एक शंभर पानी वही करायची, अडेल तो शब्द त्यात लिहायचा. नियम एकच, पण बाई त्या बाबतीत फार कडक होत्या. शब्द अडला की लगेच कोश उघडायचा नाही, आधी घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, मग लायब्ररीत जाऊन दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या सात भागांतून तो शोधायचा आणि दोन्ही अर्थ वहीत शेजारी शेजारी लिहायचे.

पहिला अडलेला शब्द तर नावातच. 'लक्षांत' वर टिंब कशाला? आम्हाला वाटलं छापताना चुकलंय. बाईंनी पूर्ण तास त्या एका टिंबावर घेतला. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्याआधी 'तें' आणि 'ते' वेगळे दिसायचे, 'तें' म्हणजे ते घर, ते झाड, नपुंसकलिंगी एकवचन, आणि 'ते' म्हणजे ते लोक. आता दोन्ही सारखेच लिहायचे आणि वाक्यावरून ओळखायचं. नववीपर्यंत व्याकरण मला मार्कांपुरतं वाटायचं, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की एवढ्याशा टिंबामागे कुणीतरी केवढा विचार केलेला होता.

पुढे यमूच्या तोंडून गोष्ट सुरू झाली आणि शब्दांचा पाऊसच पडला. मामंजी, वन्सं, ओटी, माजघर, परसू. वन्सं म्हणजे नणंद हे निम्म्या वर्गाला माहीत नव्हतं, कोथरूड आणि सहकारनगरच्या फ्लॅटमधली मुलं होती, त्यांनी माजघर पाहिलेलंच नव्हतं. तेव्हा कसब्यातल्या वाड्यात राहणारा आमचा एक मित्र उठला, एरवी वर्गात फारसं न बोलणारा, आणि त्याने फळ्यावर त्याचा अख्खा वाडा काढून दाखवला. दिंडी दरवाजा, चौक, ओटी, माजघर, मागे परसू आणि चौकात हौद. बाईंनी हौदावर बोट ठेवलं आणि विचारलं यात पाणी कुठून यायचं? मग नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून जमिनीखालून आणलेलं पाणी, आणि त्या नळावर हवा जायला ठिकठिकाणी बांधलेले उच्छ्वास, हे सगळं त्या तासात आलं. उच्छ्वास! शब्द माहीत होता पण तो नाकापुरता, जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेलाही उच्छ्वास असतात हे ऐकून मी घरी जाऊन आईला तीन वेळा सांगितलं असेल. तो नकाशा मी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला.

नंतर एका शनिवारी बाईंनी आम्हाला चालत आनंदाश्रमात नेलं. अप्पा बळवंत चौकात आम्ही दरवर्षी जूनमध्ये जुनी पुस्तकं घ्यायला जायचो, पण तिथून दोन मिनिटांवर हरिभाऊंनी कारभार पाहिलेली संस्था आहे, त्यांच्या काकांनी 1888 मध्ये काढलेली, आणि आत संस्कृतच्या जुन्या पोथ्या ठेवलेल्या आहेत याचा पत्ताच नव्हता. ही कादंबरी 1890 ला सुरू झालेल्या त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती तेव्हा हरिभाऊ जेमतेम 26 वर्षांचे होते, असं बाईंनी तिथे उभ्याउभ्या सांगितलं. सव्वीस म्हणजे माझ्या मामाएवढे.

आता ज्या शब्दासाठी हे लिहायला घेतलं तो. यमूचा नवरा जातो आणि तिचं केशवपन करतात ते प्रकरण जवळ आलं होतं. एका मुलीने विचारलं की बाई, मग त्या बायका नेसायच्या काय? बाईंनी फळ्यावर फक्त 'आलवण' असं लिहिलं आणि म्हणाल्या घरी विचारून या.

घरी आजी अंगणात पाटावर बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवत होती, दोऱ्याने नाही, केळीच्या भिजवलेल्या सोपटाने, ती कायम तशीच ओवायची. मी सहज विचारलं, आजी, आलवण म्हणजे काय गं? तिचे हात थांबले. मग म्हणाली, "माझी आत्या नेसायची." आजीला आत्या होती हे मला त्या दिवशी कळलं. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली, जन्मभर मातकट तांबडं जाडंभरडं एकच वस्त्र, पदर कपाळापर्यंत ओढलेला. न्हावी मागच्या दाराने यायचा, आणि तो आला की पोरांनी परसात जायचं नाही असा हुकूम असायचा. "गजरे फार सुंदर करायची बघ," आजी म्हणाली. "हे सोपटानं ओवणं तिनंच शिकवलं मला. आम्हा सगळ्या पोरींच्या केसात माळून झाले की हात तेवढे नाकाशी न्यायची." एवढं बोलून आजी परत ओवायला लागली. मी पुढे काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी मी हे वर्गात सांगितलं. सांगताना मध्येच माझा आवाज गेला, बाईंनी पाण्याचा ग्लास दिला आणि वर्गातलं कुणीही हसलं नाही, यासाठी मी नववी ब ची आजही ऋणी आहे. मग कोश काढला. त्यात होतं ते बरोबरच होतं, विधवेचं तांबडं वस्त्र वगैरे. बाई म्हणाल्या दोन्ही अर्थ लिही, पण आजीचा आधी लिही. मी लिहिलं, आलवण : आजीची आत्या नेसायची ते. त्यानंतर यमूची गोष्ट वाचताना ती मला कादंबरीतली कुणी राहिलीच नाही, ती आमच्या घरातली झाली, आणि शेवटची पन्नासेक पानं मी वर्गाची वाट न बघता घरी आणून वाचून काढली.

कादंबरी फेब्रुवारीपर्यंत चालली. पोर्शन राहील म्हणून बाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं असणार, आम्हाला त्यांनी ते कधी जाणवू दिलं नाही, बुधवारी जादा तास घेऊन पोर्शनही पुरा केला. बाई आता नाहीत, आजीही नाही. वही आहे, एकशे बेचाळीस शब्द आहेत त्यात, मी परवा मोजले.

कसब्यातला तो वाडा पाडून तिथे बिल्डिंग झाली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मित्राकडे वाड्याचा एकही फोटो नव्हता असं ग्रुपवर बोलण्यात आलं, म्हणून मी वहीतल्या त्या नकाशाचा फोटो काढून त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला आलं, "हौद उजवीकडे काढलायस तू, आमचा डाव्या हाताला होता, जिन्याच्या खाली. तेवढा दुरुस्त करून ठेव." मी पेन्सिलीने दुरुस्त केलाय.