हेल्मेट निघेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं

मी सबटायटल्सचं काम करते, जुळे सोलापुरात घरी बसूनच, इंग्रजी सिरीयल्सचं मराठी. सायफाय आलं की मी मागून घेते, लहानपणापासूनचं वेड आहे ते. ही गोष्ट मे महिन्यातली, सिरीयलचं नाव सांगता येत नाही, करारात तशी अट आहे.

सीझन दहा एपिसोडचा होता आणि एजन्सीने चौघांत वाटून दिला होता, ज्याला वेळ असेल त्याला जो हाताला लागेल तो एपिसोड. माझ्याकडे 3, 6 आणि 9 आले. त्यात एक पायलट आहे, कायम हेल्मेट घातलेला, आवाज मशीनमधून घरघरत येतो. पहिल्या दोन फाइल्समध्ये 'मी सांगतो', 'तो पुढे गेला' असं होतं म्हणून मीपण तेच पुढे चालवलं. आणि त्या दिवशी सकाळी 9 नंबर उघडला तर शेवटाकडे हेल्मेट निघतं आणि आत बाई. पहिल्या एपिसोडपासून सगळे जिला मेली म्हणून धरून चाललेत ती हिरोची बहीण.

मी मागचे सगळे एपिसोड परत लावून तपासले. लेखकांनी तिच्यासाठी इंग्रजीतलं 'ही' (he) किंवा 'शी' (she) एकदाही वापरलेलं नाही, सगळीकडे 'पायलट', नाहीतर 'यू'. एवढं जपून, आठ भाग जपून ठेवलेलं, आणि आम्ही मराठीत पहिल्याच वाक्याला पुरुष आहे म्हणून सांगून टाकलं होतं. मला खरंच रडू आलं.

एजन्सीत फोन केला तर उत्तर आलं, फक्त 9 पासून 'ती' करा, बाकीचे भाग वेगळे आहेत ना. हेच मला पटत नाही. 1966 ते 69 च्या जुन्या स्टार ट्रेकला हे चाललं असतं, तिथे गोष्ट त्याच भागात संपायची, टीव्ही स्टेशनवाले पुढे कुठलाही भाग कुठल्याही दिवशी लावायचे आणि बघणाऱ्याचं काही अडायचं नाही. आणि सुट्या भागांना मी कमी समजत नाही, नंतरच्या स्टार ट्रेकमधला 1992 चा 'द इनर लाइट' हा भाग मी कितीदा बघितलाय, यानाचा कॅप्टन पिकार्ड पंचवीसेक मिनिटं बेशुद्ध असतो आणि तेवढ्यात एक अख्खं आयुष्य जगून येतो. पण सलग गोष्टीत तिसऱ्या भागातलं क्रियापद नवव्या भागात हिशोब मागतं. डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेकच्याच दुसऱ्या सिरीयलमध्ये स्टेशनचा प्रमुख सिस्को त्याच्या हाताखालच्या जॅडझिया डॅक्सला 'ओल्ड मॅन' म्हणतो, कारण तिच्या आतला जीव आधी कर्झन नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगात होता आणि तो सिस्कोचा गुरू. हे मराठीत करायचं तर 'म्हाताऱ्या, आलास का' की 'आलीस का'? गुरू म्हणून 'तुम्ही' की हाताखालची ऑफिसर म्हणून 'तू'? 1993 ला पहिल्या भागात जे ठरवाल ते 1998 ला जॅडझिया मरते तोपर्यंत निभवायचं, आणि तिच्यानंतर तोच जीव एझ्रीच्या अंगात येतो, तिलापण सिस्को तेच म्हणतो.

अशोक चौकातली माझी मैत्रीण याच सिरीयलचं तेलुगू करत होती, तिला विचारलं तर तिला काही अडचणच नव्हती. तेलुगूत 'मी आलो' नि 'मी आले' एकच, 'तू' ला पण तसंच, आणि तिसऱ्या माणसाबद्दल मान देऊन बोललं की तिथंपण कळत नाही. आपल्याकडे मान दिला तरी 'ते आले' नाहीतर 'त्या आल्या'.

मग ठरवलं, आठही भागातल्या तिच्या आणि तिच्याबद्दलच्या ओळी मीच बदलणार, पैसे मिळोत न मिळोत. 61 निघाल्या. बाहेर बेचाळीस डिग्री, दुपारी दोन तास लाइट नाही, लॅपटॉपच्या बॅटरीवर करत बसले. 'मी सांगतो' चं 'सांगायचंय मला'. 'मी दार उघडलं' ला हात लावायची गरज नाही, तिथे क्रियापद दाराचं ऐकतं. 'तो पुढे गेला' चं 'पायलटचं यान पुढे गेलं'. 'मी येतो' चं 'मी येईन', भविष्यकाळात बाई की बुवा कळत नाही. 'तू वेडा आहेस का' चं 'डोकं ठिकाणावर आहे का', हे तर आधीपेक्षा चांगलं झालं, आधीच असं का नाही लिहिलं कुणी. एका ओळीत 42 च अक्षरं बसतात म्हणून काही ठिकाणी अर्धा अर्धा तास गेला. मधेच कोल्हापूरच्या मावशीचा फोन, ठेवताना म्हणाली "चल, ठेवतो गं आता," तिकडे बायका असंच बोलतात, आणि क्षणभर वाटलं की पायलटला कोल्हापूरची करून टाकावं, एकही ओळ बदलायला नको. पण पुण्या-नागपूरचा माणूस ते वाचून पुरुषच समजला असता, सोडून दिलं.

रात्री साडेनऊला आठ भाग संपले आणि 9 नंबरवर परत आले. हेल्मेट काढता काढता ती बोलते, "आय केम बॅक." मराठीत 'मी परत आले'. अख्ख्या सीझनमध्ये तिच्या तोंडचं पहिलं बाईचं क्रियापद, इंग्रजीत हे नाहीच. पण मूळ वेळेवर ठेवलं तर ओळ आधी दिसत होती आणि चेहरा नंतर. ओळ 14 फ्रेम पुढे सरकवली, हेल्मेट पूर्ण निघालं, केस खाली आले, आणि मग 'आले'. चार वेळा लावून बघितलं आणि फाइल पाठवली.