त्रासाचा आकडा कोणी लिहायचा?

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी. तिच्या नोंदीत एक चौकोन असतो: रुग्णाला त्रास किती झाला, 1 ते 5. 1 म्हणजे काहीच नाही, 5 म्हणजे फारच. याला ग्लॉस्टर स्केल म्हणतात. तो चौकोन भरते मी, खोलीतली नर्स. नळी गेलेली असते दुसऱ्याच्याच पोटात!

जठराच्या तपासणीत तर विचारायची सोयच नाही. दातांत माउथपीस, घसा स्प्रेने बधिर, गालावरून लाळ वाहतेय. माणूस बोलणार काय? मी हात धरून उभी राहते आणि त्याच्या बोटांवरून अंदाज घेते. उबळ आली की पकड आवळते, नळी जठरात उतरली की सैल पडते. काही बायका मात्र डॉक्टरांना अडचण नको म्हणून बोटसुद्धा हलवत नाहीत. माझ्या लेखी त्यांना त्रास कमी.

मोठ्या आतड्यात वेगळीच गंमत. सिग्मॉइडच्या, म्हणजे गुदाशयाआधीच्या नागमोडी भागाच्या, वळणावर नळीची कडी पडते, आतडं ताणलं जातं आणि कळ येते. एक काका तिथे ‘बास, बास’ म्हणून ओरडत होते. मी पोट दाबून धरलं, नळी सरळ झाली, काम पुढे सरकलं. मी 4 लिहिला. नंतर बाहेर पडल्या पडल्या काका विचारतात, ‘सिस्टर, माझा नंबर कधी?’ मिडॅझोलम या गुंगीच्या औषधाची करामत. गुंगी येते ती येते, वर आठवणही पुसली जाते. आता त्यांच्या हातात फॉर्म दिला असता तर त्यांनी 1 लिहिला असता, आणि तोही खोटा नव्हता.

डॉक्टर रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ काहनमन यांनी 1996 साली हेच मोजलं होतं. तपासणी चालू असताना दर मिनिटाला वेदनेचा आकडा घेतला, मग नंतरची आठवण विचारली. आठवण ठरली ती सर्वांत तीव्र कळ आणि शेवटची काही मिनिटं यांवरून. तपासणी किती वेळ चालली याने फारसा फरक पडला नाही. 2003 च्या प्रयोगात त्यांनी काही जणांच्या बाबतीत शेवटी नळीचं टोक गुदाशयात थोडा वेळ नुसतं स्थिर ठेवलं, तर त्या लोकांना एकूण त्रास कमी वाटला. वाचून मला जरा रागच आला होता, कारण नळी आत जास्त वेळ राहिलीच की! पण पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ, निघालेल्याला पुन्हा यावं लागतं, आणि यायचं की नाही हे तो आठवणीवरूनच ठरवतो.

तरी हे सगळं झालं टेबलावरचं. रुग्णांना मोकळेपणी बोलू दिलं तर बरेच जण नळीबद्दल बोलतच नाहीत. जुलाबाचं औषध, ते लिटरभर खारट पाणी, रात्रभराच्या खेपा, मागून उघडा गाऊन, बायोप्सीच्या निकालाची वाट. न्यूकॅसलच्या संशोधकांनी रुग्णांशी बोलून ‘एंडोप्रेम’ ही प्रश्नावली तयार केली. ती तपासणीच्या आधीपासून नंतरपर्यंतचं सगळं विचारते, आणि उत्तर रुग्ण स्वतः देतो. मला ती पटते.

फक्त फॉर्म माझ्या हातून, रिकव्हरीच्या खाटेवर देऊ नये. समोर मी उभी असताना ‘वाईट’ कोण लिहील? घरी न्यावा, गुंगी पूर्ण उतरल्यावर भरावा, नाव न घालता परत पाठवावा. माझा चौकोनही राहू दे. तो आकडा वर गेला की डॉक्टर हात थांबवतात, आणि त्या क्षणी ते काम घरी भरलेला फॉर्म करू शकत नाही.