गादीतला संसर्ग: नमुना आधी, अँटिबायोटिक नंतर

कमरेच्या गादीच्या (दोन मणक्यांमधल्या चकतीच्या) ऑपरेशननंतर पायातली कळ गेली, टाके सुकले, रुग्ण काही दिवस छान हिंडला-फिरला आणि मग कंबर धरली. ही हकिगत ऐकली की दुसरं काही ठरेपर्यंत मी गादीतला संसर्गच धरून चालतो.

या ५२ वर्षांच्या गृहस्थांच्या एल४-एल५ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या) गादीचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून कूस बदलतानाही ते ओरडत. ताप नाही, जखम कोरडी, पांढऱ्या पेशी ९,२००. स्नायू आखडले असं समजून गोळ्या चालू होत्या, त्यात एक अँटिबायोटिकही. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) मात्र ८६. ऑपरेशननंतर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो आणि साधारण दोन आठवड्यांत उतरतो. ईएसआर, म्हणजे दाहाचीच दुसरी तपासणी, त्याहून बराच रेंगाळतो, म्हणून या काळात भरवसा सीआरपीवर. एमआरआयमध्ये एंडप्लेट (मणक्यांचे गादीला टेकलेले पृष्ठभाग) कुरतडलेल्या आणि ड्युराच्या (मज्जातंतूंभोवतीच्या आवरणाच्या) पुढे पू.

असे बरेच रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात: सुईने नमुना, सहा आठवडे अँटिबायोटिक, पट्टा. पण यांचं उजवं पाऊल उचलण्याची ताकद पाचपैकी तीनवर आली होती. थांबणं शक्य नव्हतं.

नमुन्यातले जंतू आधीच मरू नयेत म्हणून भूल देतानाचा अँटिबायोटिकचा डोस रोखला. हे भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवावं लागतं, नाहीतर सवयीने तो जातोच.

जुन्या वाटेने सरळ खाली जाऊ नये. तिथे व्रण ड्युराला चिकटलेला असतो. ओढला की ड्युरा फाटते आणि पुवाला मेंदूज्वराची वाट मिळते. आधी वरच्या लॅमिनाची (मणक्याच्या मागच्या कमानीची) न छेडलेली कड शोधली, मग बाहेरच्या बाजूने फॅसेट सांधा (दोन मणक्यांमधला मागचा छोटा सांधा) काढून गादीत शिरलो. पू चमचाभरच निघाला. बाकी करडी, भुसभुशीत, मेलेली गादी. गादीला मुळातच रक्तपुरवठा नसल्यात जमा, त्यामुळे औषध तिथवर नीट पोचत नाही. क्युरेट (खरवडायचं उपकरण) चालवताना सडलेलं हाड लोण्यासारखं निघतं. निरोगी हाड लागलं की हाताला खरखर जाणवते आणि रक्ताचे ठिपके उमटतात. तिथे थांबायचं. पुढच्या बाजूला विशेष जपावं, अ‍ॅन्युलसही (गादीचं बाहेरचं कडंही) कुजला असेल तर पलीकडे मोठ्या रक्तवाहिन्याच आहेत.

सहा जागचे सहा तुकडे घेतले, प्रत्येकासाठी वेगळं उपकरण. तपासण्या: साधं व अ‍ॅनेरोबिक (प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं) कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, बुरशी, क्षयाचं कल्चर, जीनएक्सपर्ट (क्षयाची जनुकीय चाचणी), हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी). फॉर्मॅलिनमध्ये फक्त हिस्टोपॅथॉलॉजीचा शेवटचा तुकडा. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही, आणि ऑपरेशनच्या गडबडीत नेमकी हीच चूक होते. कल्चर १४ दिवस ठेवायला सांगितलं. काही जंतू फार सावकाश वाढतात.

मग व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक, तीन लिटर सलाईनने धुणं, मणके घट्ट धरायला चार टायटॅनियमचे पेडिकल स्क्रू आणि पोकळीत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा. संसर्गाच्या जागी धातू घालायला नातेवाईकच काय, नवखे सर्जनही बिचकतात. पण साफसफाई चोख असेल तर बिचकू नये. हलत्या मणक्यांत संसर्ग शमत नाही आणि हाडही जुळत नाही. शिवाय टायटॅनियमला जंतू स्टीलपेक्षा कमी चिकटतात.

दोनच नमुन्यांत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वाढला. बाकीचे कोरे राहिले त्याला आधीच्या गोळ्याच कारण असाव्यात. जंतू मेथिसिलिन गटाच्या अँटिबायोटिकला दाद देणारा निघाला, म्हणून व्हॅन्कोमायसिन थांबवून सेफाझोलिन, २ ग्रॅम दर आठ तासांनी. दुसऱ्या दिवशी रुग्ण स्वतः कुशीवर वळले. सहाव्या आठवड्यात सीआरपी ५, तिसऱ्या महिन्यात पावलाची ताकद चारच्या वर.

मधे एमआरआय पुन्हा काढला नाही. दुखणं आणि सीआरपी उतरत असताना चित्रातली सूज मागेच रेंगाळते, आणि रिपोर्ट वाचून माणूस विनाकारण घाबरतो.