तुम्ही विचारलंत म्हणून: तो तुझा कोण लागतो?

कोल्हापूरची मावशी फोनवर विचारते, इथे सिडनीत गणपतीला भेटणारेही विचारतात: सासूच्या माहेरचा आयरिश कैदी तू कशाला शोधत बसलीस? आजवर हसण्यावारी नेलं. आता सांगूनच टाकते.

घरातली कथा अशी: मोठ्या दुष्काळात लेकरं उपाशी, म्हणून सासूबाईंच्या खापरपणजोबांनी मेंढी चोरली आणि काळ्या पाण्यावर आले. दुष्काळ 1845चा, न्यू साउथ वेल्सला, म्हणजे इथे सिडनीकडे, कैदी धाडणं 1840मध्येच थांबलं होतं. हे मी बोलून गेले. तिथेच गप्प बसायला हवं होतं.

आयर्लंडमधल्या 1836 आधीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या 1922च्या यादवीत जळाल्या. आमचा माणूस 1838चा, म्हणून सापडला. जहाजाच्या यादीत उंची, देवीचे व्रण, आयर्लंडमधला टिपररी परगणा, मेंढीचोरी. आणि पुढे: विवाहित, तीन मुलं. कैद्याला लग्नाला सरकारी परवानगी लागे. त्याचा पहिला अर्ज फेटाळला, कारण येताना विवाहित. दोन वर्षांनी तोच माणूस, या वेळी विधुर. मंजूर. सासूबाईंचं माहेर या दुसऱ्या लग्नाचं.

मग डब्लिनच्या किल्ल्यात होते म्हणून आगीतून वाचलेले, कैद्यांच्या नातलगांचे अर्ज चाळले. त्यात एका बाईचा अर्ज, तो 'विधुर' झाल्यानंतरच्या वर्षाचा: मला आणि मुलांना नवऱ्याकडे जहाजानं फुकट पाठवा. सहीच्या जागी फुली. आपल्याकडे अंगठा असता.

हा कागद मी नाताळच्या जेवणात वाचून दाखवला. सगळ्यांसमोर. ब्याऐंशीच्या सासूबाईंनी काटा खाली ठेवला, रुमालाची घडी घातली, म्हणाल्या, हा आमचा नव्हे. आणि डिसेंबरच्या उन्हात बागेत जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले, ती कागद घेऊनच! तारखा दाखवायला! नवऱ्यानं दंडाला धरून आत आणलं. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी हवापाण्याचंच बोलतात.

मग काय लपवायचं होतं? इथे एकेकाळी कैद्याचा वंशज असणं हा डाग होता, घरंच्या घरं खोटं बोलली. आता मिरवतात. मिरवायचा तर सगळा मिरवा, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं, अधूनमधून. पण त्या दिवशी मला शाबासकी हवी होती, हेही खरं. आमच्या गावी हेळवी दारात बसून पिढ्या वाचायचा आणि धान्य घेऊन जायचा. मला त्या घरात कायमची जागा हवी होती.

आणि एक, जे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. टिपररीत त्या नावाचे ढीगभर. अर्जात जहाजाचं नाव नाही, उंची नाही, आणि बाईनं दिलेलं नवऱ्याचं वय यादीशी चार वर्षांनी जुळत नाही. त्या काळी वयाचा हिशेब कोण ठेवी, असं मी स्वतःला सांगते. परवा रात्री यादी पुन्हा उघडली होती.