डबी घरी पोचली का?

मे महिना संपत आला की सांगलीत माझी पावसाळी फेरी सुरू होते. गेली सतरा वर्षं मी इथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचं, काम करते. छत्तीस गिऱ्हाइकं आहेत: होलसेल दुकानं, सीएंची दोन ऑफिसं, एक छापखाना, कुपवाड एमआयडीसीतले काही छोटे कारखाने. यातल्या एकाकडेही पगारी आयटीवाला नाही. तीन-चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक यूपीएस, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, आणि काही बिघडलं की मी.

या फेरीत सगळ्यांना मी एकच गोष्ट विचारते: उद्या सकाळी हे दुकान पाण्याखाली असलं, तर परवा पहिलं बिल कुठून फाडाल?

हा प्रश्न मला २०१९ च्या पुराने शिकवला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. हरभट रोडवर पाइप-फिटिंगचं होलसेल दुकान असलेल्या अण्णांनी २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने मारून ठेवली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागल्यावर त्यांचा फोन आला, "ताई, सीपीयू कुठवर चढवू?" मी सांगितलं, रेघेच्या वर दोन फूट. त्यांनी अगदी तसंच केलं. माळ्यावर सीपीयू, त्याला खेटून बॅकअपची हार्ड डिस्क, डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन, लायसन्सचे कागद. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. रेघ बुडाली आणि माळाही बुडाला.

सल्ला माझा होता. आणि चूक दोन फुटांची नव्हती. मूळ डेटा आणि त्याची नक्कल मी एकाच छपराखाली राहू दिली, ती चूक होती.

पाणी ओसरल्यावर शटर वर करायला चार माणसं लागली. सीपीयूचं पॅनल काढलं तर आतून पाणी नाही, काळा गाळ आला, पिठल्यासारखा घट्ट. पंख्याच्या पात्यांमध्ये भरलेला, रॅमच्या खाचांत बसलेला. अण्णांचा पुतण्या बॅकअपची डिस्क उन्हात वाळत घालायला निघाला होता. मी ती त्याच्या हातातून घेतली. भिजलेली हार्ड डिस्क वाळवायची नसते, आणि चालू होते का बघायला वायर तर मुळीच लावायची नसते. बहुतेक डिस्कना हवेचा दाब सांभाळण्यासाठी एक बारीक भोक असतं, तिथून गाळ आत जातो. आतल्या तबकडीवर वाचणारं टोक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. वाळलेला एक कण मध्ये आला की तबकडी खरवडली जाते आणि मग कुणाच्याही हातात काही राहत नाही. डिस्क ओली ठेवूनच पिशवीत बंद करायची आणि डेटा काढणाऱ्या लॅबकडे द्यायची. आम्ही पुण्याला पाठवली. सीपीयूतल्या डिस्कमधून काहीच आलं नाही. बॅकअपमधून दोन वर्षांपूर्वीचे तुकडे आले.

मग हिशेब पुन्हा उभा केला. इतर कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून कसा ते सांगते. आपण जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, भरतो तेव्हा आपली विक्री सरकारी पोर्टलवर नोंदली जाते. अण्णांचा जूनपर्यंतचा रिटर्न भरलेला होता, म्हणजे तिथपर्यंतची व्यापाऱ्यांना केलेली विक्री बिल नंबरासकट परत मिळाली. खरेदीसाठी त्याच पोर्टलवरचं जीएसटीआर-२ए, म्हणजे आपल्या खरेदीचा आपोआप तयार होणारा तक्ता, उघडलं, कारण माल देणाऱ्यांनी आपापल्या रिटर्नमध्ये अण्णांची बिलं दाखवली होती. जुलैचा आणि ऑगस्टच्या चार दिवसांचा मालाचा हिशेब टेम्पोवाल्याच्या व्हॉट्सॲपमधून काढला. पोच दिलेल्या प्रत्येक चलनाचा फोटो तो पाठवायचा. पूरग्रस्त जिल्ह्यांना रिटर्नची मुदत वाढवून मिळाली, तेवढा श्वास घेता आला.

उधारी मात्र कुठल्याच पोर्टलवर नसते. तासगाव, विटा, जत, इस्लामपूर असे एक्केचाळीस दुकानदार. अण्णांनी एकेकाला फोन लावला, "तुमच्या वहीत माझं किती दिसतंय, तेवढं सांगा." बहुतेकांनी खरा आकडा सांगितला. मी शेजारी बसून टाइप करत होते, आणि जतच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने स्वतःहून वाढीव आकडा सांगितला, "मागचं एक बिल तुमच्याकडं चढलंच नव्हतं की," म्हणून, तेव्हा अण्णांनी फोन ठेवून थोडा वेळ डोळे पुसले. हे सगळं होईतो दिवाळी उजाडली.

खरं तर नवीन कॉम्प्युटर दोन दिवसांत आला होता. अडलं भलत्याच ठिकाणी. टॅलीचं लायसन्स नव्या मशीनवर चालू करायला जो ईमेल लागत होता, तो तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघाला. जीएसटीचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जायचा. तो भला माणूस, त्याने मदत केली. पण धंदा कुणाच्या भलेपणावर टांगून ठेवू नये. आता प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मी एक वही ठेवते: डोमेन (वेबसाइटचं नाव), ईमेल, टॅली, बँक, जीएसटी हे कुणाच्या नावावर आणि कुठल्या नंबरवर. पासवर्ड त्यात लिहीत नाही, ते बंद पाकिटात मालकाच्या घरी असतात.

आणि डबी. छोट्या बाहेरच्या हार्ड डिस्कला आमची गिऱ्हाइकं डबी म्हणतात. प्रत्येकाकडे दोन. एक दुकानात, एक घरी, रोज अदलाबदल. तिसरी नक्कल क्लाउडवर. "नुसतं क्लाउड का नाही?" असं तरुण मुलं विचारतात. पुरात दिवस-दिवस वीज नसते, नेट नसतं. डबी लॅपटॉपला लावली की काम सुरू. शिवाय क्लाउडच्या ज्या फोल्डरमध्ये फाइल आपोआप चढते, तो बॅकअप नाही. इथली फाइल खराब झाली की तिथलीही खराब होते. औषधांच्या एका होलसेलरकडे घरून काम करण्यासाठी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय, इंटरनेटवर उघडा ठेवला होता, पासवर्ड दुकानाच्याच नावाचा. रविवारी रात्री कुणीतरी आत शिरलं, सोमवारी सगळ्या फाइल्सना कुलूप आणि पडद्यावर ते उघडायला पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची डिस्क कायम मशीनला जोडलेली असायची, ती पण गेली. डबी काढून ठेवायची ती यासाठीही.

बॅकअप घेतला जातोय म्हणजे तो आहे, असंही नाही. छापखान्यात रोज रात्री नऊला नक्कल होत होती, हिरवी खूण येत होती. मी एका शनिवारी ती माझ्या लॅपटॉपवर उघडली तर शेवटचं बिल ३१ मार्चचं! नव्या वर्षाला अकाउंटंटने नवी कंपनी काढली होती, तिचा डेटा १०००१ नंबरच्या फोल्डरमध्ये, आणि आमचा बॅकअप आठ महिने इमानेइतबारे १०००० ची नक्कल करत बसला होता. त्या दिवशी माझे हात गार पडले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी प्रत्येकाची डबी माझ्या मशीनवर उघडते, मालकाला फोन करते आणि विचारते, "काल शेवटचं बिल कितव्या नंबरचं, कुणाचं, किती रुपयांचं?" जुळलं तरच वहीत सही करते.

कागदी बिलबुकही ठेवायला लावते, वेगळ्या सिरीजचं, आधीच नंबर छापलेलं. हाताने लिहिलेलं बिल कायद्याला चालतं. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदवलेलं बिल, लागतं, त्यांच्यासाठी लॅपटॉप आणि दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवते.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेली. सांगलीचं पाणी दिवसा-दिवसाने चढतं, आवरायला वेळ देतं. त्याच पावसात, २२ जुलैला, चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. तिथे माझ्यासारखंच काम करणारी मैत्रीण आहे. ती सांगते, पहाटे डोळे उघडले तेव्हा रस्ता नव्हताच. त्यामुळे डबी हलवायचं काम पुराची बातमी आल्यावर करायचं नाही, रोजच करायचं, हे मी तिच्याकडून घेतलं.

अण्णांचं दुकान त्याही वेळी बुडालं. पण डबी विश्रामबागला घरी होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी माझ्या लॅपटॉपवर स्वयंपाकघरातल्या टेबलावरून विट्याच्या दुकानदाराचं बिल केलं. माल कुपवाडच्या गोदामातून गेला.

दुकानाचं सगळं आता त्याच बघतात. रात्री साडेआठला शटर लागलं की डबी त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत जाते, आणि नऊच्या आसपास माझ्या फोनवर एक शब्द येतो: पोचली. काल सव्वानऊ झाले तरी आला नाही, म्हणून मीच फोन केला. वाटेत भाजी घ्यायला थांबल्या होत्या.