ऊन फुकट असताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं सगळेच विचारतात. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून विचारलं, "ऊन फुकट आहे, मेडिकलमध्ये साठ हजार युनिटचं सॅशे मिळतं, मग तुम्ही नऊ वर्षं लॅबमध्ये नवीन व्हिटॅमिन डी कशाला बनवत होतात?" तोंडात आरसा असल्यामुळे त्यांना उत्तर द्यायचं राहिलं.

आम्ही व्हिटॅमिन बनवत नव्हतो. सॅशेतलं डी लिव्हर आणि किडनीतून फिरून कॅल्सिट्रायॉल, म्हणजे त्याचं कामाला लागणारं रूप होतं, इथपर्यंत आता सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. कॅल्सिट्रायॉल पेशीतल्या ज्या रिसेप्टरमध्ये, कुलपात किल्ली जावी तसं, जाऊन बसतं, तो व्हीडीआर (व्हिटॅमिन डी रिसेप्टर) आतड्यात आहे तसाच त्वचेत आहे, रक्ताच्या पेशींतही आहे. आतड्यात तो चालू झाला की कॅल्शियम शोषलं जातं. पण 1981 साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की उंदराच्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी कॅल्सिट्रायॉल मिळाल्यावर वेड्यासारख्या वाढायच्या थांबून वयात येतात. 1985 मध्ये ओसाकात हाडांसाठी याच्याच भावंडातलं औषध घेणाऱ्या एका रुग्णाचा सोरायसिस हा त्वचेचा आजार गेला. मग कॅन्सरला कॅल्सिट्रायॉलच द्या की! देता येत नाही. तेवढा डोस दिला की रक्तातलं कॅल्शियम चढतं. म्हणून हवा होता असा रेणू, जो हव्या त्या पेशीत रिसेप्टर चालू करेल आणि आतड्यात गप्प बसेल. जगभरात यापायी तीन हजारांवर रेणू बनले. त्यातले काही माझे.

माझ्या रेणूंचा सांगाडा स्टेरॉइडच्या घराण्यातला नव्हता. दोन बेंझीन रिंगा, मधे एक कार्बन, दोन्ही टोकांना शेपट्या. 1999 मध्ये अमेरिकेत असे रेणू पहिल्यांदा प्रसिद्ध झाले तेव्हा मी कॉलेजात होते. बनवायला सोपे, आणि मुख्य म्हणजे उजेडाला भीत नाहीत. कॅल्सिट्रायॉलच्या जातीचं काही करायचं तर फ्लास्कला फॉइल गुंडाळून पिवळ्या दिव्याखाली बसावं लागतं. (उन्हाचं व्हिटॅमिन म्हणे!) शिवाय 2000 मध्ये स्ट्रासबर्गच्या गटाने या रिसेप्टरची क्रिस्टल रचना काढली, आणि दिसलं की कॅल्सिट्रायॉल त्याच्या खिशातली निम्म्याहून थोडीच जास्त जागा घेतं. बाकी जागा मोकळी. मोकळी जागा दिसली की केमिस्टचा बिल्डर होतो.

आता मुख्य गोष्ट. शरीराने कॅल्सिट्रायॉलला एक ब्रेक ठेवलेला आहे. रिसेप्टर फार चालू झाला की सीवायपी24ए1 नावाचं एन्झाइम तयार होतं आणि कॅल्सिट्रायॉलची शेपटी कुरतडून त्याला निकामी करतं. मी माझ्या रेणूच्या शेपटीला फ्लोरिन बसवले. एन्झाइमचे दात लागेनात. पेशींवरच्या चाचण्यांत रेणू कॅन्सरच्या पेशींना ताळ्यावर आणत होता आणि आतड्याच्या पेशींत त्या मानाने शांत होता. मी रिपोर्टात लिहिलं, "दोन्ही परिणाम वेगळे करण्यात यश आलं आहे." वाक्याखाली रेघही मारली होती.

मग उंदीर. चौदा दिवस, रोज तोंडावाटे डोस. चौथ्या दिवशीचं कॅल्शियम नॉर्मल आलं आणि आम्ही कॅन्टीनमध्ये वडापाव वाटले. सहाव्या दिवशी ॲनिमल हाउसमधले मामा जिन्यात भेटले.

"मॅडम, तुमच्या पिंजऱ्यांच्या बाटल्या मी दिवसातून दोनदा भरतोय."

मी म्हटलं, "मामा, उन्हाळा आहे."

ॲनिमल हाउसमध्ये बारा महिने बावीस डिग्रीचा एसी असतो. हे मला माहीत होतं, मामांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ते "बरं" म्हणाले आणि गेले. कॅल्शियम चढलं की लघवी वाढते आणि तहान लागते, हेही मला माहीत होतं. पुस्तकातून नव्हे, माझ्या सख्ख्या मावशीला व्हिटॅमिन डीची सहा लाख युनिटची इंजेक्शनं एकामागोमाग एक दिली गेली होती, तेव्हा ती रात्री चार-चार तांबे पाणी प्यायची. मी तिच्या उशाशी बसलेली बाई आहे. तरी म्हटलं, उन्हाळा आहे.

अकराव्या दिवशी वजनं घसरली. कॅल्शियम चौदाच्या वर. दहाच्या आसपास असायला हवं. एक उंदीर सकाळी मेलेला मिळाला. बाकीचे आम्ही थांबवले. किडनी कापताना ब्लेडला कर्र असं लागलं, वाळूवर विळी फिरावी तसं. स्लाइडवर काळे ठिपकेच ठिपके, प्रत्येक ठिपका साठलेलं कॅल्शियम. मी मायक्रोस्कोपवरून उठले ते थेट पार्किंगमध्ये जाऊन बसले.

तेव्हाची मी अजून वाद घालते. म्हणते, चौथ्या दिवशीचा आकडा नॉर्मल होता, कुणीही पुढेच गेलं असतं. मी तिला म्हणते, टिकाऊ रेणू शरीरात रोज साठत जाणार, हे चौथ्या दिवशी कसं दिसेल? ब्रेक तूच काढलास आणि वर त्याला यश म्हणालीस. मग ती विचारते, की कॅल्सिपोट्रायॉल कसं चाललं? सोरायसिसचं मलम आहे, लाखो लोक लावतात. ते चाललं, कारण रक्तात पोचलं की ते झटपट मोडतं. रिसेप्टर त्याला काही वेगळी वागणूक देत नाही. हे मला एमएस्सीपासून पाठ होतं, म्हणून तर जास्त लागतं.

पण हेही ऐका. डायलिसिसवरच्या रुग्णांची पॅराथायरॉइड ग्रंथी ताब्यात ठेवायला पॅरिकॅल्सिटॉल आहे, 1998 पासून. जपानात ठिसूळ हाडांसाठी एल्डेकॅल्सिटॉल देतात. ही कामं आमच्यासारख्यांनीच केली, उन्हात बसून झाली नाहीत. कॅन्सरचं मात्र खरं आहे, सीओकॅल्सिटॉल नावाचं असंच एक औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि तिथे अडलं. माझा भाचा म्हणतो, "मावशी, तू नऊ वर्षांत उंदीर मारायचं औषध शोधलंस." त्याला कुठूनतरी कळलंय, की साधं डी थ्री, म्हणजे सॅशेतलंच डी, उंदरांच्या विषातसुद्धा घालतात. मी हसते. तीन दिवस बोलत नाही.

शेपटीला फ्लोरिनऐवजी पटकन तुटणारं काही बसवलं असतं तर? कागदावर काढून ठेवलेत मी असे सात रेणू. कधी वाटतं, चाललं असतं. कधी वाटतं, एकाच कुलपाला दोन दारं जोडलेली असताना आम्ही किल्ल्या घासत बसलो होतो.

प्रोजेक्ट बंद व्हायच्या आधी मामा एकदा टेबलाशी आले होते. हातात वही होती. म्हणाले, "पुढच्या बॅचला पाणी मोजून लिहीत जाऊ का, मॅडम?"

पुढची बॅच आली नाही. वही माझ्याकडे आहे. त्यांनी रकाने आखून ठेवले होते.